छत्रीबागेतील दुपार

मे महिन्यात आमचा मुक्काम इंदूरच्या छत्रीबागेत होता. होळकरांच्या छत्र्यांवरून हे नाव पडले. यजमान पति-पत्नी दोघेही नोकरदार. सुटी शाळेला, कचेरीला नव्हे! आठ वर्षांच्या बाळूला ठेवावे कोठे? २०१७ च्या कायद्याने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले खरे, परंतु ते लहानग्यांपुरते. उन्हाळी शिबिराची फी जड, शिवाय ते बाराच्या ठोक्याला सुटे. अखेर आम्ही वहिनींसह गल्लीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेलो. खोली लहान, पण माठ भरलेला आणि चार मुले सोंगट्यांत रंगलेली. वहिनींनी फी विचारण्यापूर्वी संडास पाहिला. वाचकहो, आम्हांस ते फार पटले. बाळू आत शिरला, त्याने मागे पाहिलेच नाही. वहिनी मात्र कितीतरी वेळ उंबऱ्याशीच उभ्या होत्या.