सावकाश निवणें

वेल्ह्यास, तोरण्याच्या पायथ्याशीं, आमचें बालपण गेलें. श्रावणांतल्या एका रात्रीं आजी अत्यवस्थ असतां कौलांतून गळलेला एक थेंब कंदिलाच्या तापल्या कांचेवर पडला. कांच तडकली, वाऱ्यानें वात विझली. पहाटे आजी गेली. आम्हीं टिपूस गाळलें नाहीं; वडील मंडळींनीं आमच्या धीराचें कौतुक केलें.

पुढें कांचेविषयीं वाचूं लागलों. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडानें माणशीं एक पैसा जमवून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना काढला. अशा कारखान्यांत वाळू, सोडा व चुना यांचा सुमारें १५०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर रस करतात. परंतु खरी कसोटी त्यापुढें असते. फुंकून केलेलें भांडें एकदम निवलें, तर बाहेरचा थर आधीं घट्ट होतो, आंतला मागाहून आकसतो, आणि ती ओढ कांचेंत कोंडून राहते. मग यत्किंचित् कारणानें भांडें फुटतें. म्हणून तें दुसऱ्या भट्टींत हळूहळू निववावें लागतें.

हें वाचलें आणि त्या रात्रीची आठवण झाली. तो आमचा धीर नव्हता; आम्ही एकाएकीं निवलों होतों. वाचकहो, परवां माळ्यावर तो कंदील सांपडला, आणि इतक्या वर्षांनीं आम्हांस रडूं आलें.