उंबराखालचा चोथा

शेंदूरजनाघाटला भाद्रपद लागला की संत्र्याच्या बागांत फळगळीची धास्ती सुरू होते. आंबिया बहाराचं फळ तेव्हा रंगावर येऊ लागलेलं असतं. त्या वर्षी रोज सकाळी आमच्या झाडांखाली फळांचा सडा पडलेला असायचा. शेजारच्या वावरातले काकाजी बांधावर आले आणि म्हणाले, "वटवाघुळाईनं सारा बहार नासवला. थे उंबराचं झाडच तोडून टाकतो मी."

"काकाजी, थोडं थांबा. आधी पाहू तर द्या," मी म्हणालो. उंबर सामाईक बांधावरचा. दिवेलागणीनंतर मोठी वटवाघळं त्यावर उतरतात, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उंबराखाली जाऊन बसलो. वटवाघूळ काय खातं हे कळायला झाडावर चढावं लागत नाही. ते फळाचा घास जिभेनं टाळूवर दाबतं, रस आणि मऊ गर गिळतं आणि उरलेला चोथा थुंकून टाकतं, ऊस चोखून चोयट्या टाकाव्यात तसा. खाली अशा चपट्या गोळ्या जागोजागी पडल्या होत्या. काडीनं फोडून पाहिल्या. उंबराची साल, रेषा, बारीक बिया. पानांवर पडलेल्या विष्ठेतही त्याच बिया. संत्र्याच्या सालीचा तुकडा एकाही गोळीत सापडला नाही.

पुढे वर्षभर मला वटवाघळं येतात त्या झाडांखाली बघायचा नादच लागला. चैत्रात सातपुड्याच्या पायथ्याशी मोह फुलतो, तेव्हा ती मोहाकडे वळतात. फुलांचा गोड गर खाताना अंगाला लागलेले परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. मग जांभळं, निंबोळ्या, वड-पिंपळाची फळं. आंबा आणि पेरूही खातात. पेरूवाल्यांची तक्रार खोटी नाही, फळांवर जाळी टाकणं हाच त्यावरचा उपाय. ही मोठी वटवाघळं कीटकभक्षी वटवाघळांसारखी आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालत नाहीत, डोळ्यांनी आणि वासानं फळ शोधतात. लहान जातीची वटवाघळं फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन खातात. गिळलेलं बी पोटात फार वेळ राहत नाही, ते उडता उडता दूर कुठेतरी पडतं. रानातले कितीतरी उंबर असेच लागले असतील.

मग आमची संत्री कोण नासवत होतं? त्याच भाद्रपदात एका रात्री आठच्या सुमारास काकाजींना घेऊन बागेत गेलो. बॅटरीच्या उजेडात फळांवर डोळे चमकले. रस शोषणारे पतंग! त्यांची सोंड संत्र्याची साल भेदते. फळ दाबलं की त्या बारीक छिद्रातून रस उडतो, तिथूनच सड सुरू होते आणि काही दिवसांत फळ गळतं. या पतंगाची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, आणि आमच्या कुंपणावर दोन्ही माजल्या होत्या. काकाजी बराच वेळ फळ हातात फिरवत राहिले. उंबर वाचला.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळभक्षी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. केरळात २०१८ साली वटवाघळांतून पसरणाऱ्या निपाह विषाणूची साथ आल्यापासून लोक त्यांना घाबरतात. उष्टं, कुरतडलेलं फळ खाऊ नये आणि वटवाघळाला हात लावू नये, एवढी काळजी घ्यायलाच हवी. त्यासाठी झाडं तोडायची गरज नाही. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. त्यांची वस्ती एकदा मोडली की लवकर भरून निघत नाही.

संत्रा पिकवणाऱ्या माझ्या भावांनो, बहार रंगावर यायच्या आधी कुंपणावरच्या गुळवेली आणि वासनवेली उपटा, बागेत प्रकाशसापळा लावा आणि गळलेली फळं रोजच्या रोज उचलून खोल पुरा.