जुन्या पत्त्यावरचे वॉरंट

दीक्षाभूमीवर जाण्यासाठी नागपूरची तिकिटे काढली, त्या रात्री आम्ही सहज कौंटी न्यायालयाच्या संकेतस्थळावर आपले नाव शोधले. आडनाव आधी टाकताच वेगमर्यादेच्या जुन्या चलनाखाली दोन शब्द दिसले: बेंच वॉरंट. येथे जॉर्जियात तो किरकोळ का होईना, फौजदारी गुन्हाच. घर बदलल्यावर १० दिवसांच्या आत एआर-११ भरून इमिग्रेशनला नवा पत्ता कळवला होता. तो न्यायालयाला आपोआप कळत नाही, हे ध्यानी आले नव्हते. तारखेची नोटीस जुन्या दारी पडून राहिली. गैरहजेरीबद्दल न्यायाधीशांनी काढलेले असे वॉरंट काळाबरोबर आपोआप मिटत नाही. उद्या रस्त्यात गाडी अडवली तरी बेड्या पडू शकतात.

वॉरंट म्हणजे मध्यरात्री वस्तीत शिरणारी जीप, ही आमची बालपणीची व्याख्या. म्हणून दोन दिवस कोणाजवळ बोललो नाही; खरी चूक तीच. तिसऱ्या दिवशी वकील गाठले. त्यांनी वॉरंट मागे घेण्याचा अर्ज दाखल केला, आम्ही स्वतः हजर राहिलो. न्यायाधीशांनी विचारले ते एवढेच : "सध्याचा पत्ता?"

वॉरंट रद्द झाले. दंड मात्र भरावा लागला. पोलिसांच्या नोंदीतून नाव निघायला वेळ लागू शकतो, म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत अजून गाडीच्या कप्प्यात आहे.