गाडीतले बूट

पुणतांब्यात पायताण घेताना माणूस आधी बघतो, ते चटकन काढता येतं का. चांगदेव महाराजांच्या समाधीला जायचं असो, दुसऱ्या देवळात की कुणाच्या घरी, ते बाहेरच सोडायचं असतं. म्हणून बाया-माणसं चपलाच वापरतात. त्याच चपलांनी आम्ही गाडीतही बसतो, आणि तिथं चटकन निघणारं पायताणच घात करतं.

धाकट्या जावेला गाडी शिकवताना हे मी फार जवळून बघितलं. स्टिअरिंग तिला लवकर जमलं, पण क्लच सोडताना गाडी सारखी बंद पडायची. तिच्या पायात जाड तळव्याची, उंच टाचेची चप्पल होती. टाच नीट टेकत नव्हती, आणि क्लच कुठं धरतोय ते एवढ्या जाड तळव्यातून तिला उमगत नव्हतं. "ताई, मग अनवाणीच चालवते," म्हणत तिनं चपला काढून तिथंच पायाशी ठेवल्या. मी त्या उचलून मागं टाकायला लावल्या. सुटी चप्पल ब्रेकखाली सरकली की पेडल पुरतं दबतच नाही. सीटखालून घरंगळत आलेल्या पाण्याच्या बाटलीचीही तीच भीती. अनवाणी पायही माझ्या मनाला पटत नाही. ओला असला तर सटकतो, आणि सगळा जोर लावून ब्रेक दाबायचा तर उघड्या तळव्याला पेडल रुततं.

हा जोर कधी लागेल, सांगता येत नाही. उसाचं गाळप सुरू झालं की आमच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग असते, आणि मागं दिवा नसलेली ट्रॉली अंधारात एकदम पुढ्यात येते. ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. निसटती चप्पल सावरण्यात अर्धा सेकंद गेला, तर आठ मीटर तिथंच संपले.

दिरांचं म्हणणं, "चपलेला दंड नाही, मग बूट कशाला?" दंड नाही हे खरं. सप्टेंबर २०१९ मध्ये वाढीव दंड लागू झाले, तेव्हा चपलेची अफवा उठली होती आणि नितीन गडकरींच्या कार्यालयानं ती खोडून काढली होती. पण मी पोलिसाच्या भीतीनं बोलतच नाही. घरातली पोरं मागच्या सीटवर बसलेली असतात, त्यांच्यासाठी बोलते.

आम्ही दोघी कोपरगावला गेलो आणि तिच्यासाठी साधे कापडी बूट घेतले. तळवा रबरी, पातळ, हातानं सहज वाकणारा, टाच मागून झाकलेली, पंजा अरुंद. फार रुंद बूट ब्रेक दाबताना शेजारच्या अॅक्सिलरेटरलाही लागतो. नाडीचे बूट मी नको म्हटलं. सुटलेली नाडी पेडलला अडकू शकते. साडीच्या निऱ्यांचंही तेच, म्हणून ती आता गाडीत बसताना त्या घोट्याच्या वर ओढून घेते.

हे बूट गाडीतच मागं पिशवीत असतात. शेतातून आलं की आमच्या काळ्या मातीचा चिखल थरावर थर चढलेला असतो, आणि तसल्या तळव्यानं पेडलवर पाय ठरत नाही. चिखलाची चप्पल पिशवीत टाकायची, पाय पुसायचे, बूट चढवायचे, मगच किल्ली. दिरांना मात्र उसाला पाणी देऊन गमबुटावरच घरी यायची सवय आहे. त्यात घोटा वाकत नाही. त्यांच्या मापाचा जोड मी आणून ठेवलाय, आणि बूट बदलल्याशिवाय किल्ली द्यायची नाही असं जावेला सांगून ठेवलंय.