137 साड्या, चार गाऊन

मे महिन्यात पेण तालुक्यातल्या आमच्या गडबला अंगणात पाय ठेवायला जागा नसते. खाटेवर पोह्याचे पापड, पत्र्यावर सुकी मासळी, भिंतीकडेला मिठाची गोण, आणि मांजराला हाकलायला काठी घेऊन बसलेली कुणीतरी म्हातारी. पावसाळ्याची बेगमी चाललेली असते. त्यातच एक दिवस कपाटाला ऊन दाखवायचं असतं. खाडीची दमट हवा, वर चार महिन्यांचा पाऊस. ऊन न लागलेली साडी गौरीला नेसायला काढावी तर घडीच्या रेघेवर पांढुरकी बुरशी, आणि डांबरगोळ्यांच्या वासाखालून डोकावणारा कुबट दर्प.

माझी आई हे काम चुलीवर भात शिजेपर्यंत उरकायची. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात पाच लुगडी. शिवाय एक अंगावर, एक दांडीवर. गेल्या मे महिन्यात मला दोन दिवस लागले. दांड्या पुरेनात म्हणून शेजारून दोरी आणली, ती पुरेना म्हणून कुंपणावर, मग विहिरीच्या कठड्यावर साड्या टाकल्या. हायवे जवळ, आणि तो 2011 पासून रुंद होतो आहे. त्या धुळीमुळे ऊन दाखवलेला कपडा झटकून आत घ्यावा लागतो, हे गडबच्या बाईला वेगळं सांगायला नको. झटकता झटकता मी मोजायला लागले. शेवटची साडी आत आली तेव्हा आकडा होता 137.

मोजण्याचं कारण निवृत्ती. जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं काढून मी त्याच महिन्याच्या अखेरीला घरी बसणार होते. आता इतक्या साड्या नेसून जायचं कुठे? रोज एक म्हटली तरी साडेचार महिने पुन्हा तीच साडी नेसायची पाळी येणार नाही, असा हिशेब मी पनवेलहून आलेल्या लेकीला कौतुकाने सांगितला. तिने विचारलं, "आई, यातल्या तू स्वतः दुकानात जाऊन, तुला आवडल्या म्हणून घेतलेल्या किती?"

एकोणीस.

बाकीच्या 118 साड्या माझ्याकडे चालत आल्या होत्या. आमच्याकडे लग्न म्हणजे हळदीपासून मानपान. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बसते, ढोल वाजतो, आणि करवल्यांपासून आत्या-मावश्यांपर्यंत सगळ्या एकाच रंगात. कधी आमसुली, कधी मोरपंखी. त्या एका रात्रीची साडी पुन्हा नेसता येत नाही, कारण गावातल्या आणखी तीस जणींकडे तीच असते. गौरीला चढवलेल्या साड्या वेगळ्या; त्या टाकायच्या नाहीत म्हणून राहिलेल्या. बदलीच्या गावांच्या निरोप समारंभांतल्या सात. एक निवडणुकीच्या तोंडावर झालेल्या हळदीकुंकवात मिळालेली. कुणाचं हळदीकुंकू ते विचारू नका. आणि नवरात्राचा एक अख्खा कप्पा. नऊ दिवसांचे नऊ रंग ही प्रथा देवीइतकीच जुनी आहे असं शाळेतल्या नव्या बाईंना वाटत होतं. मला चांगलं आठवतं, वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने ते रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता लोकलचे डबे, बँका, शिक्षकांच्या खोल्या रंगून गेल्या. करडा आला आणि आपल्याकडे करडी साडी नाही, म्हणून मी मुद्दाम पेणच्या बाजारात गेलेली आहे. देवीने मागितली नव्हती.

आहेराच्या साड्यांची माझ्याकडे वही आहे. कुणाकडून आली, कुठल्या कार्यात, अंदाजे किंमत. तीच साडी तिच्याच घरी परत जाऊ नये आणि दिलेल्यापेक्षा कमी परत जाऊ नये, म्हणून. वही चाळताना कळलं की त्या कप्प्यात कपडे नव्हतेच, घेणंदेणं घडी करून ठेवलं होतं. फॉल न लावलेली, ब्लाउजपीस आत तसाच, दुकानाची पिशवीसुद्धा तशीच. अशा 46 निघाल्या.

मग मी नेसत काय होते? खरं सांगते, शाळेला आलटून पालटून सहा साड्या आणि घरी गाऊन. सहापैकी चार सुती, धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या. पहिलीच्या वर्गात खाली बसायचं, पोराचं नाक पुसायचं, फळ्यावर हात वर करायचा, मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्याशी उभं राहायचं. साडेपाच मीटर कापड आणि सहा पिना अंगावर बाळगून हे केलं. पंजाबी ड्रेस मी पंचेचाळिसाव्या वर्षी घातला, तोही शेजारच्या शाळेतल्या बाईंनी आधी घालून दाखवल्यावर. मार्च 2024 मध्ये सरकारने शिक्षकांच्या पेहरावाच्या सूचना काढल्या: बायकांनी साडी नाहीतर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा, पुरुषांनी शर्ट आत खोचलेला, जीन्स, टीशर्ट नको. ते वाचून मला बरं वाटलं होतं, कारण कुर्ता-दुपट्टा आता कागदावर आला. कागदाने धीर येण्याच्या पिढीतली मी.

साडीचा मला राग नाही, पण एकदा तिने मला हायवेवर आडवं केलं आहे. यांच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते, वडखळच्या अलीकडे पदर मागच्या चाकात गेला. मागच्या चाकाला कपडा अडकू नये म्हणून जाळी हवी असा कायद्यातच नियम आहे. यांनी ती काढून ठेवली होती, तांदळाचं पोतं बांधायला आड येते म्हणून! साडी जुनी, सुती, विरलेली होती. टर्रकन फाटली आणि मी रस्त्याच्या कडेला खडीवर बसले, कोपर सोलून. त्या दिवशी अंगावर आहेरातली चिवट जॉर्जेट असती तर ती फाटली नसती, मी तिच्यामागे गेले असते. यांनी घरी येऊन मुकाट्याने जाळी बसवली.

आईचं लुगडं कधी कुठे अडकलेलं मला आठवत नाही. आगरी बायकांचं लुगडं गुडघ्याच्या वर, काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला. खाऱ्या जमिनीतल्या आवणीला मांडीपर्यंत चिखल, मिठागरात टोपली डोक्यावर. कापडाने मध्ये लुडबूड करून चालणारच नव्हतं. पैसे कनवटीला, हात मोकळे. पुढे शिकलेल्या सुनांना ते आखूड नेसणं गावंढळ वाटायला लागलं आणि आम्ही घोट्यापर्यंतच्या सहावारीत आलो. मीही आले. आईला शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं तेव्हा "पाय झाकतील असं नेस" असं मीच सांगितलं होतं. ती आली नाही. म्हणाली, "ते नेसून मी चालू कशी गो?"

या लुगड्याची खरी वारस म्हणाल तर गाऊन. हसू नका. सैल, सुती, एका झटक्यात अंगावर, खिसा असलेला, भाकऱ्या थापताना पदर सांभाळायला नको. गडबमध्ये सकाळी नळावर, दळणाच्या गिरणीत, मासेवालीच्या पाटीभोवती गाऊनच असतात. फक्त खांद्यावर टॉवेल नाहीतर ओढणी टाकली की तो ‘बाहेरचा’ होतो. त्या टॉवेलने नेमकं काय झाकलं जातं ते मला आजवर कळलेलं नाही. 2014 साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानेच दिवसा गाऊन घालून फिरणाऱ्या बाईला 500 रुपये दंड लावायचं ठरवलं होतं, पेपरात आलं होतं. आमच्याच लोकांचं गाव. ज्यांच्या आज्या गुडघ्याच्या वर लुगडं नेसून मिठागरात गेल्या, त्यांच्या नातींना घोट्यापर्यंतचा गाऊन अब्रूवर आला. मला तो दंड अजिबात पटला नाही. पण तेव्हा मीही दारावर पोस्टमन आला की टॉवेल शोधत होते.

कपड्याच्या सुखाचं गणित साधं आहे. सुती कापड नुसत्या हवेतून आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल शोषतं; पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून मे महिन्यात पॉलिस्टरच्या ब्लाउजमध्ये घाम पाठीवरून ओघळतो आणि सुतीत जिरतो. पण त्याच गुणामुळे जुलैत सुती गाऊन तीन दिवस वाळत नाही, पंख्याखाली टाकला तरी पट्टीशी ओला लागतो. तेव्हा पावसाळ्याला दोन मिश्र कापडाचे आणि उन्हाळ्याला दोन निव्वळ सुती, असे चार गाऊन मी ठरवून टाकले. बाहेर जायला आठ कुर्ते, कार्याला साड्या. आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला 11 सप्टेंबर 1895 ला जन्मलेल्या विनोबांचा धडा मी मुलांना दर वर्षी सांगायचे: खादी, पंचा, किती कमी कपड्यांत माणूस राहतो. आणि तो सांगताना अंगावर सहा पिनांची साडी. एकाही पोराने विचारलं नाही, हे त्यांचं चांगुलपण.

काढायच्या ठरवल्या 90. आता त्या घालवायच्या कुठे? मला वाटलं होतं कठीण भाग साड्या निवडण्याचा असेल.

पहिली बोहारीण आली. ती अजूनही येते, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीवर गाठोडं. ओट्यावर तिने एकेक साडी दोन बोटांत चोळली. असा परीक्षक मी शिक्षण खात्यात पाहिला नाही. चोळायची आणि बाजूला टाकायची. "बाई, हे कोन घेनार? साहेबांच्या पँटी काढा. पोराची जीन्स हाय?" जरीच्या काठाच्या तेवढ्या उचलून उजेडात धरल्या. शेवटी 22 साड्या आणि यांच्या चार पँटींवर एक झाकणाचा डबा, आणि मी हटून बसले तेव्हा वर दोन वाट्या. पँटी नसत्या तर डबा नव्हता, हे तिने जाताना स्वच्छ सांगितलं. वाट्या बघून हे म्हणाले, "माझ्या पँटींच्या वाट्या कुठल्या?"

मग गोधडी. पलीकडच्या आळीत एक काकी अजून गोधड्या शिवतात. त्यांच्याकडे दहा साड्या नेल्या. त्यांनी आठ परत केल्या. घड्या एकावर एक थांबत नाहीत, टाका धरत नाही, आणि पांघरली तर अंगावरून सरकते. "यात ऊब नाय गो बाय," म्हणाल्या. आईची शेवटची दोन लुगडी मी जपून ठेवली होती, ती मात्र त्यांनी हातात घेताच खूश झाल्या. लुगड्याचं पोरासाठी दुपटं, दुपट्याचं गोधडीत अस्तर, शेवटी पोतेरं. सुती कापड असं झिजत झिजत घरातच संपायचं. माझ्या जॉर्जेट काही केल्या संपत नाहीत.

उरलेल्या वाडीवर देऊन टाक, असं जाऊबाईंनी सुचवलं. डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवर जुने कपडे पोचवणं हे आमच्याकडे पुण्यात मोजतात. मला मात्र 2005 आठवलं. 26 जुलैच्या पुरानंतर महाडकडे पाठवायचे कपडे निवडायला आम्हा शिक्षिकांना बसवलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये छातीएवढा ढीग. त्यात लग्नातली शेरवानी होती, तुटलेल्या चेनच्या पँटी होत्या, जरीचा घागरा होता. परकर मोजून अकरा. बायकांची आतली वस्त्रं जवळजवळ नाहीतच, आणि ज्यांचं घरच वाहून गेलं त्यांना पहिली गरज त्याचीच. लोकांनी पाठवलं होतं ते त्यांना नको असलेलं. म्हणून या वेळी वाडीवरच्या अंगणवाडीच्या ताईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, बायका वीटभट्टीवर जातात, त्यांना सुती साड्या आणि तयार परकर चालतील. झुळझुळीत नको, विस्तवाजवळ भीती वाटते. माझ्याकडे द्यायला सुती होत्या दोन. परकर मी पेणहून नवे आणले, दोन डझन. कपाट रिकामं करताना पैसे खर्च होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

न उघडलेल्या 46 मी वहीप्रमाणे ज्यांच्या त्यांना परत न्यायला निघाले होते. लेकीने हात जोडले. शेवटी बचत गटातल्या मुलींनी त्या घेतल्या. त्या साड्यांचे उशांचे अभ्रे आणि पडदे शिवून त्या मुली पेणच्या आठवडे बाजारात विकायला ठेवतात. माझ्या एका मोरपंखी साडीचा पडदा आता एका रिक्षात आहे, पावसात तो मिनिटात वाळतो. तिथे ते कापड शोभतं.

अठरा साड्या अजून पोटमाळ्यावर गाठोड्यात आहेत. त्यांचं काय करायचं ते सुचलेलं नाही. कपाटात 47 राहिल्या. आठ कुर्ते, चार गाऊन. परवा पोस्टमन आला तेव्हा टॉवेल न शोधता दार उघडलं. त्याने सही घेतली आणि गेला.

धाकट्या मुलाचं लग्न वैशाखात आहे. पत्रिका छापायला दिली तेव्हा तळाशी एक ओळ घालायला लावली: ‘साडीचा आहेर आणू नये, घेतला जाणार नाही.’ हळदीला ज्याने त्याने आपल्याकडे असलेलं नेसायचं, एक रंग नाही. थोरल्या जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग मी माझी सुतीच नेसते." तुम्हालाही आमंत्रण समजा. पेणला उतरलात की एसटी नाहीतर मिनीडोर मिळते. हात हलवत या.