अब्बांच्या शेजारची सीट

अकोल्याहून सकाळी सातची एसटी. कंडक्टरने मला अर्धे तिकीट दिले आणि अब्बांचे आधार कार्ड पाहून त्यांच्या हातात शून्य रुपयांचे तिकीट ठेवले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे.

“बघ बेटा,” अब्बा म्हणाले, “बाप-लेक मिळून अर्धे तिकीट!”

एरवी मी हसले असते. पण माझ्या पर्समध्ये आदल्या संध्याकाळचा रक्ताचा रिपोर्ट होता. प्लेटलेट ९ लाख ४० हजार. महिन्यापूर्वी त्या ५ लाख १० हजारांवर उतरल्या होत्या.

अब्बा अकोल्यात भाईजानकडे राहतात, मी अमरावतीत नोकरी करते. रक्तविकाराचे डॉक्टर महिन्यातून एका शनिवारी बाहेरगावाहून अमरावतीला येतात. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी माहेरी जायचे आणि शनिवारी सकाळी अब्बांना घेऊन निघायचे, असा आमचा वर्षभराचा नेम झाला आहे.

वऱ्हाडात ‘प्लेटलेट’ हा शब्द घराघरांत पोचला तो डेंग्यूमुळे. त्या कमी झाल्या की धावपळ सुरू होते. कुणी पपईच्या पानांचा रस आणतो, कुणी बकरीचे दूध. म्हणून अब्बांच्या प्लेटलेट वाढल्याचे कळले तेव्हा शेजारच्या खाला म्हणाल्या, “मग चांगलेच की! जास्त आहेत म्हणजे ताकद आहे.”

जखम झाली की रक्त गोठवणे हे या बारीक कणांचे काम. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. अंगात लोह कमी असले, जंतुसंसर्ग किंवा सूज असली तरी त्या वाढतात आणि कारण दूर झाले की उतरतात. अब्बांचे तसे नव्हते. त्यांच्या हाडांतली मज्जाच गरजेपेक्षा जास्त प्लेटलेट तयार करत होती. तपासणीत जॅक-टू नावाच्या जनुकात बदल सापडला. हा बदल शास्त्रज्ञांच्या लक्षात आला २००५ साली, आणि या आजाराच्या निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत तो आढळतो. आजाराचे नाव इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया. त्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ती मेंदूत अडकली तर लकवा, हृदयात अडकली तर झटका. साठी ओलांडलेल्यांना हा धोका जास्त.

आजाराने पहिली वर्दी दिली ती अब्बांच्या बोटांत. नोकरीभर ते कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचे काम. तीच बोटे लाल होऊन जळजळू लागली. आम्ही ते वयावर घातले आणि तेल चोळत राहिलो. शेवटी एका साध्या रक्ततपासणीत ११ लाखांचा आकडा आला. तेव्हापासून रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू आहे.

बस बोरगाव मंजू मागे टाकून काटेपूर्णेच्या पुलावर आली. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडे फुटली होती, मधल्या ओळींत तूर उभी होती. रस्ता आता गुळगुळीत आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अब्बा दर वेळी हा आकडा मला ऐकवतात. त्या दिवशी मात्र ते गप्प होते.

मूर्तिजापूर आले. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे इथूनच सुटायची, वऱ्हाडाचा कापूस वाहण्यासाठी घातलेली. आता ती बंद आहे. याच तालुक्यातल्या दापुरीत गाडगेबाबांचे लहानपण मामाच्या घरी गेले. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकालाही रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे ओळखून धर्मशाळा बांधणारा माणूस या मातीत वाढला.

बस स्थानकात थांबली तेव्हा मी विचारले, “अब्बा, औषध चुकले का?”

बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “ती कॅप्सूल तीन आठवड्यांपासून बंद केली आहे. छोटी गोळी घेतो, तिने बोटांची आग थांबते.”

माझ्या तोंडून शब्द सुटणार होता. आई-वडिलांना ‘उफ्’ सुद्धा म्हणू नये, ही सूरह बनी इस्राईलची शिकवण लहानपणी मला अब्बांनीच दिली होती. मी ओठ मिटले.

“औषधाच्या दुकानातला मुलगा दुसऱ्याला सांगत होता, ही कॅन्सरची औषधे त्या कपाटात ठेव. त्याच कपाटातून माझी पट्टी निघाली. तुम्ही मुलांनी मला सांगितले नाही, म्हणजे आता काही उरले नसेल, असे वाटले. मग तुमचा खर्च कशाला वाढवू?”

त्यांना सांगितले नव्हते, हे खरे होते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना बाजूला गाठून मीच विनवले होते, “अब्बांसमोर ते नाव घेऊ नका.” मला ती माया वाटली होती. त्या मायेने अब्बांना तीन आठवडे एकट्याने मरणाचा विचार करायला लावले होते.

बडनेरा येईपर्यंत मी त्यांना सगळे सांगितले आणि माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, “शरीर माझे आहे ना, बेटा? मग त्याची खबरही माझी अमानत आहे.”

दवाखान्यात त्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसले. प्रश्न अब्बांनी विचारले, उत्तरे त्यांनी ऐकली. डॉक्टरांनी सरळ सांगितले: हा आजार रक्ताच्या कर्करोगांच्या गटात मोडतो, पण फार संथ असतो. औषध नेमाने घेतले, तपासण्या केल्या तर बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे चालते-फिरते राहतात. ॲस्पिरिनने गुठळीचा धोका घटतो, बोटांची आग थांबते, पण प्लेटलेटचा आकडा उतरत नाही. तो उतरवते कॅप्सूल. म्हणून बरे वाटले तरी ती स्वतःच्या मनाने थांबवायची नाही.

अब्बांनी खिशातली वही काढून लिहून घेतले. कॅप्सूल उघडायची नाही, हाताळल्यावर हात धुवायचे, घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावायचा नाही. तोंडात फोड, घोट्याजवळ न भरणारी जखम किंवा ताप आला तर लगेच कळवायचे. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली, एका बाजूची ताकद गेली किंवा छातीत दुखले, तर उद्याची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठायचे. रमजानच्या रोजांचेही त्यांनी विचारले. त्या वेळचा रिपोर्ट पाहून ठरवू, असे डॉक्टर म्हणाले. आजाऱ्याला अल्लाहने सवलत दिली आहे, हे अब्बांना मी सांगायची गरज नव्हती.

दुपारी माझ्या घरी आम्ही जोहर पढलो. मी चार रकात, अब्बांनी मुसाफिर म्हणून दोन. सलाम फेरून ते हसत म्हणाले, “आजच्या दिवसात दुसऱ्यांदा अर्धे तिकीट!” या वेळी मीही हसले.

त्यांच्या वहीत आता रकाने आखले आहेत: तारीख, कॅप्सूल, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन. पूर्वी ते कापसाची प्रत लिहायचे तशाच नीटस अक्षरात. पुढच्या महिन्यात आकडा ६ लाख २० हजार झाला, त्याच्या पुढच्या महिन्यात ४ लाख ३० हजार. अल्हम्दुलिल्लाह.

दर महिन्याला मी अजूनही त्यांच्याबरोबर जाते. रिपोर्ट मात्र आता माझ्या पर्समध्ये नसतो, त्यांच्या खिशात असतो.