फेरीतून दिसणारा मालदीव

स्टाफरूममध्ये मालदीवचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, ते आपल्या पगारात बसत नाही." जाहिरातींतला मालदीव सी-प्लेनमधून टिपलेला असतो, म्हणून तसं वाटतं. आम्ही मागच्या सुट्टीत फेरीबोटीने फिरलो, त्याबद्दल थोडं.

सुमारे 1190 बेटं, त्यातल्या 200हून कमी बेटांवर लोकवस्ती आणि उत्तर-दक्षिण पसारा 800 किलोमीटरहून जास्त. अशा देशात कुठं जायचं याच्या आधी कसं जायचं ते ठरवावं लागतं. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं, तर रात्र मालेजवळ काढावी लागते, तो खर्च वेगळा. दक्षिण टोकाच्या अड्डूला जायचं तर गानपर्यंत देशांतर्गत विमान आहे. जवळच्या बेटांना स्पीडबोट, आणि सगळ्यांत स्वस्त ती सरकारी फेरी. माले ते माफुशी स्पीडबोटीने अर्धा-पाऊण तास, फेरीने साधारण दीड तास. जुम्म्याला बहुतेक फेऱ्या बंद असतात, तेव्हा वार बघूनच खोली ठरवा. मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो. एखादा दिवस हाताशी राखून ठेवा.

धक्क्यावरचा फलक उजवीकडून डावीकडे लिहिलेला पाहून माझ्यातला उर्दूचा मास्तर खूश झाला, पण एक अक्षर लागेना. ही थाना लिपी. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून आली आहेत. शेजारच्या आजोबांनी माझ्या मुलीला बाटली दाखवून शब्द सांगितला, 'फेन'. म्हणजे पाणी. आपल्या 'पाणी'चाच हा दूरचा भाऊ.

त्या फेरीत तांदळाची पोती होती, कॉलेजची मुलं होती आणि मालेच्या हॉस्पिटलातून परतणारी एक बाई, मांडीवर एक्स-रेचं पाकीट घेऊन. आपल्या मुक्कामी एसटीत दिसतात तशीच माणसं.

ही माणसं पर्यटकाला दिसत नसत, याला कारण आहे. 1972 साली पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. पुढची कित्येक दशकं पाहुण्यांची बेटं वेगळी आणि गावकऱ्यांची वेगळी, असंच सरकारी धोरण होतं. 2010च्या आसपास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला मोकळीक मिळाली, आणि आपल्यासारख्यांना फेरीचं तिकीट काढून गावात उतरता येऊ लागलं.

जकातीच्या हकदारांत मुसाफिरही मोजला जातो, कारण वाटेवरचा माणूस दुसऱ्यांच्या आधारावर असतो. फेरीत ते कळतं. पण ती बोट आपल्यासाठी स्वस्त पर्याय असली, तरी बेटावरच्या कितीतरी लोकांसाठी दवाखान्याचा आणि बाजाराचा रस्ता तीच आहे. म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगेन : तिकीट लवकर काढा, बॅगा पायाशी ठेवा, आणि गर्दी झाली तर बाकावरून आधी आपण उठा.